मुंबई हायवर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

दरवर्षी भूशास्त्राचे आठ-दहा प्रबंध माझ्याकडे तपासायला येतात. त्यातले निम्मे तरी मुंबई ऑफशोअर बेसिनवरचे, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रतळाखालच्या गाळखडकांच्या खोऱ्यावरचे; मुंबई हाय हे त्यातलंच तेलक्षेत्र. सुरुवात ठरलेली असते: मुंबईपासून १६० किलोमीटरवर, फेब्रुवारी १९७४, 'सागर सम्राट' ही खोदकामाची रिग, तेल लागलं. पुढच्या चुकाही ठरलेल्या.

सगळ्यात जास्त जीव खाते ती सेकंदांचा नकाशा मीटरचा समजून वाचण्याची चूक. सिस्मिक सेक्शन म्हणजे जमिनीत सोडलेल्या ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींवरून काढलेलं थरांचं चित्र. त्याच्या उभ्या अक्षावर खोली नसते, लहर खाली जाऊन परत यायला लागलेला वेळ असतो. शेलमधून, म्हणजे चिखलाच्या खडकातून, ती लहर सेकंदाला साधारण २५०० मीटर धावते, घट्ट चुनखडीतून ४५०० च्या आसपास. एखाद्या जागी २०० मीटर शेलऐवजी चुनखडी असेल, तर तिच्याखालचा थर ७० मिलिसेकंद लवकर दिसतो. सपाट थरावर जवळपास ९० मीटरचा उंचवटा उगवतो, जो प्रत्यक्षात नाहीच. मुंबईच्या समुद्रात तर इओसीनपासून मायोसीनपर्यंतच्या भूशास्त्रीय कालखंडांतले चुनखडीचे थरच थर आहेत, आणि त्यांची जाडी जागोजागी बदलते.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गटाला असाच एक देखणा उंचवटा सापडला. चारी बाजूंनी बंद, म्हणजे तेल अडकवणारा सापळाच. वरून घाई होती, चुनखडीच्या जाडीचा नकाशा कोणी केला नाही, मीही नाही. विहीर सुरू झाली. चुनखडी लागली आणि संपेचना. रात्रपाळीत कटिंग्ज, म्हणजे खोदताना वर येणारे खडकाचे तुकडे, धुवून मी त्यांच्यावर ॲसिडचा थेंब टाकायचो, चुनखडीची फसफस व्हायची, पुन्हा पुढच्या नमुन्याची वाट. शेवटी हवा तो थर आला, पण अंदाजापेक्षा ऐंशी मीटर खाली, आणि त्यात खारं पाणी.

तेव्हापासून मी आधी जाडीचा नकाशा काढतो, ट्रेसिंग पेपरवर, हाताने, आणि तो वेळेच्या नकाशावर ठेवतो. उंचवटा आणि जाड चुनखडी नेमकी एकाच जागी आली, तर त्या उंचवट्यावर माझा विश्वास नाही. मुलं म्हणतात, सॉफ्टवेअर खोलीचा नकाशा करून देतं की. देतं. पण सगळ्या भागाला एकच सरासरी वेग दिलात, तर तोच खोटा उंचवटा मीटरमध्ये छापून मिळतो. विहिरींचे चेकशॉट, म्हणजे विहिरीत लहरीचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या नोंदी, बघायला दोन दिवस लागतात, ते द्यायलाच हवेत.

दुसरी चूक म्हणजे तेल जिथे सापडलं तिथेच शिजलं असं धरून चालणं. मुंबई हायचा मुख्य साठा मायोसीनच्या एल-३ नावाच्या चुनखडीच्या थरात आहे, वर शेलचं झाकण. पण स्रोत खडक, म्हणजे ज्यात तेल शिजतं तो, आहे पॅलिओसीन ते सुरुवातीच्या इओसीनमधल्या पन्ना फॉर्मेशन या थरसमूहाचा शेल, आणि हायच्या माथ्यावर तो जेमतेम आहे. तेल शिजलं भोवतालच्या खोलगट भागांत, जिथे हा शेल खोल गाडला जाऊन पुरेसा तापला, आणि मग ते वर सरकत आलं. म्हणून 'इथे सापळा आहे' एवढं लिहून भागत नाही. तेल निघालं तेव्हा सापळा तयार होता का, झाकण बसलं होतं का, हे दाखवा. दुसऱ्याच्या शोधनिबंधातला या घटनाक्रमाचा तक्ता चिकटवलेला मला लगेच कळतो. स्वतः एक पट्टी आखा: डावीकडे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा डेक्कन ट्रॅपचा लाव्हाखडक, उजवीकडे आज, आणि मध्ये प्रत्येक घटना आपल्या जागी.

बाकीच्या चुका थोडक्यात. मुंबई हाय म्हणजे अख्खं बेसिन नव्हे. १९७६ मध्ये सापडलेल्या बसीन या क्षेत्राचा वायू इओसीनच्या चुनखडीत आहे. डेक्कन ट्रॅप लागला की खाली काही नाही असं लिहू नका, मुंबई हायवर भेगाळलेल्या पायाखडकातूनही, म्हणजे सगळ्यात तळच्या खडकातूनही, तेल निघालंय. कटिंग्जच्या खोलीत लॅग टाइम, म्हणजे ते तळापासून वर यायला लागलेला वेळ, धरा.

आणि यूव्ही लाइटखाली नमुना चमकला की 'ऑइल शो', म्हणजे तेलाची खूण, लिहून मोकळे होऊ नका. कॅल्साइट स्वतः चमकू शकतं, ड्रिल पाइपच्या जोडांना लावलेलं ग्रीसही चमकतं. चमकणारा एकच कण चिमट्याने वेगळा काढा, पांढऱ्या पोर्सिलेनच्या खळग्यात ठेवा, वर सॉल्व्हंटचे दोन थेंब टाका. तेल असेल तर कणातून चमक धुरासारखी बाहेर पसरते, कॅल्साइटची चमक कणातच राहते. ग्रीसही सॉल्व्हंटमध्ये विरघळतं, म्हणून त्याचा थोडा नमुना शेजारच्या खळग्यात ठेवून रंग ताडून बघा.