जिम हॉलच्या रेकॉर्डवरून जॅझ गिटारची साथ बसवताना

जॅझ गिटार शिकायला घेतली की बहुतेक जण आधी सोलो उचलायला धावतात. अमेरिकन जॅझ गिटारवादक जिम हॉल (१९३०–२०१३) यांच्याकडून शिकायचं असेल तर क्रम उलटा ठेवा. दुसरा वाजवत असताना हा माणूस काय करतो, किती करतो आणि कधी हात आवरतो, ते आधी शिका. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये रात्री नऊनंतर रियाज करणाऱ्याला हे तसंही सोयीचं आहे. सूर कमी, आवाज कमी आणि शेजाऱ्यांची बेल वाजत नाही.

आधी ऐकण्याचा क्रम. सुरुवात १९७२च्या 'अलोन टुगेदर'पासून करा. त्यात रॉन कार्टरचा डबल बास आणि हॉल यांची गिटार, एवढी दोनच वाद्यं आहेत, त्यामुळे कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांमधला, प्रत्येक सूर सुटा सापडतो. मग १९६२चा, सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सचा 'द ब्रिज'. तिथे पियानो नाही, त्याची जागा गिटारने सांभाळायची आहे. सॅक्सोफोनच्या वाक्याच्या शेवटी गिटार कुठे शिरते, ते बोटाने टेबलावर ठोकत ऐका. त्याच वर्षीचा, पियानोवादक बिल एव्हान्ससोबतचा 'अंडरकरंट' तिसरा. १९७५चा 'जिम हॉल लाइव्ह!' सोलोंकडे वळाल तेव्हा लागेल. त्याच वर्षीचा 'कॉन्सिएर्तो' देखणा आहे, पण वाद्यं जास्त असल्याने उतरवून घ्यायला नवख्याला जड जातो. तो नुसता ऐकावा. आणि 'अंडरकरंट' लोकलमध्ये ऐकू नका. मुलुंड यायच्या आत गाडीच्या खडखडाटात अर्धी गिटार बुडालेली असते.

आता हात. बारा बारांचा एफ ब्लूज घ्या. बार म्हणजे चार मात्रांचा एक गट. तबल्याची सवय असेल तर ४८ मात्रांचं आवर्तन आणि पहिल्या बारची पहिली मात्रा सम, असं धरा. यात फक्त चौथी आणि तिसरी तार (सर्वात बारीक तार पहिली) वापरायची, एका वेळी दोनच सूर. एफ सेव्हनसाठी चौथ्या तारेवर ७वा फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेला घर) आणि तिसऱ्या तारेवर ८वा. हे ए आणि ई फ्लॅट, म्हणजे कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर. बी फ्लॅट सेव्हनसाठी दोन्ही बोटं एक फ्रेट खाली, ६ आणि ७. सी सेव्हनसाठी ८ आणि ९. मूळ सूर कुठेच नाही, तो बासवाल्याचा. तो तुम्हीही वाजवलात तर खालच्या पट्टीत दोघांचा चिखल होतो आणि बासची चाल ऐकूच येत नाही.

आवर्तन असं: पहिला बार एफ सेव्हन, दुसरा बी फ्लॅट सेव्हन, तिसरा-चौथा पुन्हा एफ सेव्हन. पाचवा-सहावा बी फ्लॅट सेव्हन, सातवा एफ सेव्हन. आठव्यात डी सेव्हन, चौथ्या तारेवर १० आणि तिसऱ्यावर ११. नवव्यात जी मायनर सेव्हन, ८ आणि १०. दहाव्यात सी सेव्हन, ८ आणि ९. अकराव्यात एफ सेव्हन, ७ आणि ८. बाराव्यात सी सेव्हन, म्हणजे फिरून समेवर यायला वाट. आठव्या ते अकराव्या बारपर्यंत बोटं किती कमी सरकतात ते पाहा. जी मायनरवरून सी सेव्हनवर जाताना चौथ्या तारेचं बोट जागेवरच राहतं, तिसऱ्या तारेचं फक्त एक फ्रेट उतरतं. या चार बारांवर इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ घालवा. हे हातात बसलं की पुढे या दोन सुरांवर आणखी एक सूर चढवणं हा किरकोळ भाग आहे.

मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि प्रत्येक टिकटिक दुसरी आणि चौथी मात्रा समजा, म्हणजे प्रत्यक्ष लय १२० होते. सुरुवातीला गिटार खाली ठेवून टिकटिकीवर 'दोन' आणि 'चार' म्हणा, मग मधले 'एक' आणि 'तीन' भरा. इथे हमखास बिघडतं ते असं: चार-पाच बारांनंतर कान घसरतो आणि टिकटिक एक-तीनवर जाऊन बसते. तसं झालं की वाजवत राहू नका. थांबा, पुन्हा तोंडाने मोजा. रेटून पुढे गेलात तर हाताला चुकीचीच सवय लागते आणि ती सोडवायला फार वेळ जातो.

एका आवर्तनात दर बारला चार ठोके द्या. प्रत्येक ठोक्यानंतर डाव्या हाताची पकड किंचित सैल करा, बोटं तारेवरच राहू देत. सूर लगेच तुटतो आणि लयीला उचल मिळते. बोटं पूर्ण उचलली तर मोकळ्या तारा घुमतात. पुढच्या आवर्तनात उलट करा: दर दोन बारांत फक्त दोन ठोके, तेही समेवर नाहीत. उरलेली जागा रिकामीच ठेवायची. याचाच कंटाळा येतो, आणि हॉल यांच्याकडून नेमकी हीच गोष्ट घ्यायची आहे.

'अंडरकरंट'मधलं वेगात वाजलेलं 'माय फनी व्हॅलेंटाइन' आता काढा. पियानोच्या सोलोखाली गिटार चार-चारच्या सरळ मात्रांवर चालते आणि कॉर्डची मांडणी जवळजवळ प्रत्येक मात्रेला बदलते. बास आणि ड्रम नसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्हींचं काम एकटी गिटार करते. सगळं उतरवायला जाऊ नका, आठ बार पुरेत. वेग ७५ टक्के करा. निम्म्याच्या खाली नेलात तर आवाज फाटतो आणि पिक कधी तारेवर पडलं ते कळत नाही. आठ बार फिरते ठेवा. आधी सर्वात वरचा सूर गा, मग तो गिटारवर शोधा. त्यानंतर सर्वात खालचा, आणि शेवटी मधला. जुन्या टेपवरून आलेली रेकॉर्डिंग्ज कधी कधी ४४० हर्ट्झच्या, म्हणजे ट्यूनर धरतो त्या प्रमाण सुराच्या, थोडी वर-खाली असतात. ट्यूनर बरोबर सांगत असूनही सूर लागत नसेल तर गिटारच रेकॉर्डला जुळवून घ्या.

उतरवताना नेहमीची फसगत म्हणजे बोटांना माहीत असलेला भरगच्च पाच सुरांचा आकार पकडून 'हेच असणार' म्हणणं. मूळ वेगात रेकॉर्डबरोबर वाजवून पाहा. तुमचा आवाज रेकॉर्डपेक्षा जाड वाटला तर एकेक सूर काढत जा.

वाद्याचं थोडक्यात. हॉल यांची वर्षानुवर्षांची गिटार गिब्सन ईएस-१७५, पी-९० पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचा आवाज उचलून ॲम्पकडे पाठवणारा भाग). ती घ्यायची गरज नाही. मानेजवळचा पिकअप, गिटारचा टोन ३-४ वर, व्हॉल्यूम ६-७ वर आणि ॲम्पचा बास निम्म्याच्या खाली, एवढ्यावर साध्या गिटारवरही काम भागतं. दहा बाय दहाच्या खोलीत बास वाढवला की कोपरे घुमतात आणि तोच आवाज स्लॅबमधून खालच्या मजल्यावर पोचतो. सिंगल कॉइल (तारेचं एकच वेटोळं असलेला) पिकअप असेल आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसेल तर सतत गुणगुण येते. तारेला बोट लावल्यावर ती कमी झाली तर आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा शहाणपणा कधीही करू नका, शॉक लागू शकतो. अर्थिंग ठीक असूनही गुणगुण राहिली तर खुर्ची थोडी फिरवून बसा आणि पंख्याचा रेग्युलेटर, डिमर बंद करून पाहा.

तारा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या), ११ किंवा १२ जाडीच्या. धोबी तलावच्या दुकानांत विचारताना तिसरी तार वाउंड, म्हणजे गुंडाळलेली, आहे ना, हे बघून घ्या. ती जाड असल्याने नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचेत अडकते आणि सूर लावताना 'टण्' असा आवाज करून एकदम उडी मारते. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासून पाहा. तरी अडकली तर खाच कारागिराकडूनच रुंद करून घ्या. पावसाळ्यात, विशेषतः येऊरच्या किंवा खाडीच्या बाजूला, लाकूड फुगून मान हलते. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून सातव्यावरची फट बघा. ती साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) एका वेळी पाव फेराच घट्ट करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

हॉल यांनी अमेरिकेतल्या लेनॉक्सच्या जॅझ शाळेत आणि पुढे न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये शिकवलं. गिटारवादक बिल फ्रिझेल हा त्यांचा शिष्य. त्याच्या वाजवण्यात गुरूची नक्कल शोधूनही सापडत नाही, पण सूर सोडून देण्याची हिंमत मात्र तीच आहे. म्हणून उतरवलेले आठ बार पाठ झाले की लगेच मोडा. तोच ठेका दुसऱ्या कॉर्डवर लावा, किंवा सूर तेच ठेवून ठेका बदला.

सोबतीला दुसरा गिटारवादक मिळाला तर दर आवर्तनाला सोलो आणि साथ बदलून घ्या. मोबाइल दोन मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा. ऐकताना साथ सोलोच्या वर आली असेल तर ॲम्पच्या बटणाला हात लावू नका, पिकचा जोर कमी करा. बटण खाली केलं की पुढच्या आवर्तनात तुमचाच सोलो दबतो.