जुनं चेनसॉ (लाकूड कापायचं इंजिनवालं करवत) दुरुस्त करायला शिकताय? कार्बोरेटरच्या स्क्रूला शेवटी हात लावा

टू-स्ट्रोक इंजिन कसं चालतं, पेट्रोलमध्ये ऑइल का घालतात, कार्बोरेटरचे एच आणि एल स्क्रू (जास्त आणि कमी स्पीडला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारे) कशाचे, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितोय. चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात जुनी मशीन अजून भरपूर आहेत. कुणाच्या गोडाऊनमध्ये स्टिल 070 पडलंय, कुणी बाभळी तोडायला घेतलेलं हस्कवर्ना भंगारात काढतोय. काम मिळतं. पण नवीन पोरगा आला की त्याचा पहिला प्रश्न हाच असतो: "दादा, एच स्क्रू किती फेरे उघडू?"

स्क्रू राहू द्या. आधी सायलेन्सर काढा आणि एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरी मारून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर ते मशीन कोरडं चाललंय, म्हणजे त्याला पेट्रोल आणि पेट्रोलसोबतचं ऑइल कमी पडलंय. का कमी पडलं हे सापडेपर्यंत नवीन पिस्टन बसवू नका, तोही जाईल.

मी इथंच अडकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या शाफ्टच्या) दोन्ही बाजूंना ऑइल सील, म्हणजे रबरी रिंगा असतात. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनमध्ये त्यांचं रबर कडक होतं. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पेटीत) ओढ तयार होते आणि सीलच्या फटीतून फुकटची हवा आत येते. त्या हवेसोबत पेट्रोल नसतं, ऑइल नसतं. ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली यायला वेळ लागतो, आयडल (रिकामं चालतानाचा स्पीड) एकदा चढतं, एकदा पडतं. अशा वेळी एच स्क्रू थोडा उघडला की मशीन छान वाजतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण हवेची गळती एकसारखी राहत नाही. मशीन तापलं, लोड आला की ती वाढते आणि निम्म्या ओंडक्यात पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो.

बरं, गळती तपासायची कशी? सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची जागा बंद करायची आणि इम्पल्सच्या भोकातून (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरकडे नेणाऱ्या) बीपी मशीनच्या फुग्यानं हवा भरायची, हा जुगाड सगळीकडे चालतो. काटा 300 पर्यंत जातो, म्हणजे साधारण 0.4 बार. काटा थांबला की लोक म्हणतात, सील चांगले. फसवणूक इथंच आहे! सीलचा ओठ आतल्या बाजूला असतो. आतून दाब दिला की तो ओठ शाफ्टवर आणखी घट्ट बसतो, म्हणून झिजलेलं सीलही पास होतं. चालत्या इंजिनात मात्र ओढ लागते आणि ओठ शाफ्टपासून सुटतो. म्हणून दाब तपासलात तरी व्हॅक्यूम तपासायचाच. गाडीचे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप घ्या, 0.5 बारपर्यंत ओढा, काटा बघत फ्लायव्हील हळूहळू फिरवा. शाफ्टला एका जागी घास पडला असेल तर काटा नेमका तिथंच घसरतो. एवढ्या एका पंपासाठी पैसे वाचवू नका, बाकी कुठंही वाचवा.

घाबरू मात्र नका. सील बदलणं अवघड नाही. त्यावर माप कोरलेलं असतं, बेअरिंगच्या दुकानात मिळतं. काढताना शाफ्टला ओरखडा जाऊ देऊ नका, बाकी हात आपोआप बसतो. मिळालं तर वायटनचंच (पेट्रोलला टिकणारं रबर) घ्या, कारण आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरमधला डायफ्रामही (पातळ पडदा) त्याच वेळी बदला. इथेनॉलमुळं मिश्रणही थोडं कोरडं पडतं, त्यामुळं जुन्या मॅन्युअलमधल्या फेऱ्यांवर विसंबू नका. टाकीत पेट्रोल ठेवून मशीन पावसाळाभर टांगून ठेवणाऱ्याला तर मी स्पष्ट बोलतो.

शिकायचं कुणाकडं? माझं मत पक्कं आहे: व्हिडिओपेक्षा राजदूत आणि लुना बांधलेला म्हातारा मिस्त्री शोधा. पॉइंट, कंडेन्सर, मॅग्नेटो हे ठिणगीचे भाग त्याच्या बोटांत असतात. माझे उस्ताद एवढंच म्हणायचे, "मशीन बोलस, तू आयक." फक्त "अंदाजानं कर" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

हे सगळं झालं की मग स्क्रू. फिल्टर स्वच्छ, चेनला धार, इंजिन गरम. फुल थ्रॉटलला लोड नसताना आवाज किंचित फाटका, भरडा यायला हवा आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. रिकामं असतानाच गोड, तीक्ष्ण किंचाळत असेल तर लगेच बंद करा, पेट्रोल कमी पडतंय. काही जुन्या कार्बोरेटरना गव्हर्नर (स्पीड मर्यादेत ठेवणारा भाग) असतो, तिथं वरच्या स्पीडचा भरडा आवाज गव्हर्नरचा असू शकतो, तो ऐकून स्क्रू आवळू नका.

आपल्याकडं हवामानही खेळतं. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या आसपास असताना हवा विरळ असते. तेव्हा स्क्रू अगदी काठावर, जेमतेम पुरेल एवढ्या पेट्रोलवर बसवलेलं मशीन डिसेंबरच्या पहाटे, हवा दाट झाल्यावर, कोरडं चालतं. तोरणमाळला वर नेऊन स्क्रू आवळला असेल तर शहाद्याला उतरल्यावर परत उघडायला विसरू नका.

गिऱ्हाइकाला सीलचा खर्च मशीन खोलायच्या आधी सांगा. "सील नको, नुसतं ट्यूनिंग करून दे" म्हणाला तर मशीन आहे तसं परत द्या. त्यानं बाहेर कुणाकडून स्क्रू फिरवून घेतला तरी चालेल, पिस्टन धरल्यावर तुमचं नाव निघणार नाही.