थंडीत डिझेल थिजू नये म्हणून या चुका टाळा

डिसेंबर आला की कोणीतरी विचारतंच, दादा हिमाचलात स्पितीला चाललोय, ट्रक मॉडिफाय केलाय, डिझेलचं काही होणार नाही ना? होणार! मुंबईत ही भानगडच नसते म्हणून आपल्याला सवय नाही, पण जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली पांढरी पडते ना, तसंच डिझेलमधलं मेण थिजतं. अख्खी टाकी गोठायची गरज नाही, मेणाचे कण फिल्टरवर बसले की गाडी बसली.

सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली, म्हणजे एक्स्ट्रा टाकी. कुर्ल्यातल्या एका गॅरेजमधून ९० लिटरची दुसरी टाकी बसवली, निघताना दोन्ही फुल्ल, वाटेत मेन टाकीतच भरत गेलो आणि दुसरी अडीअडचणीला म्हणून तशीच ठेवली. म्हणजे मुंबईचं डिझेल मी थेट स्पितीच्या वाटेवरच्या नाको गावापर्यंत फिरायला नेलं! साधा ट्रक असता तर ते गुजरात ओलांडायच्या आतच जळलं असतं. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, हिवाळ्यातली मर्यादाच ६ अंशांची आहे, त्याखाली डिझेलने फिल्टरमधून जायलाच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि नाकोला रात्री पाणी बादलीत दगड होतं. सकाळी त्या दुसऱ्या टाकीवर गाडी एका सेल्फला चालू, मी खूश, दोन मिनिटांनी जरा रेस केली तर घरघरून बंद. मग सेल्फवर सेल्फ मारत बसलो, बॅटरी पण उतरवली. फिल्टर खोलला तर आत थिजलेल्या तुपासारखा पिवळट गोळा. शेजारचा ट्रकवाला टाकीखाली जाळ करायला निघाला, त्याला हातच जोडले. होमस्टेच्या काकूंकडून गरम पाणी आणून, फिल्टरला आणि लाइनला फडकी गुंडाळून ओतत बसलो, ऊन चांगलं तापलं तेव्हा कुठे गाडी बोलली.

आता मी चंदीगडच्या आधी दुसरी टाकी रिकामी करतो आणि पुढे वरच्या पंपावरच भरतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं विंटर डिझेल काढलंय ते काय उगाच? आणि दुसरी टाकी लावताना रिटर्न लाइन कुठे जाते ते मेकॅनिकला विचारा, इंजिनातून परत येणारं कोमट डिझेल भलत्याच टाकीत जात असेल तर चालू टाकी थंडच राहणार.

रॉकेल मिसळू नका. जुन्या गाड्यांमध्ये चालून जायचं, नव्या बीएस ६ इंजिनवाल्यांनी नावच काढू नका, रॉकेलला वंगण कमी, पंप आणि इंजेक्टरची वाट लागते, आणि ते बिल बघून थंडी वाजेल.

अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे डिझेल थिजू नये म्हणून मिसळायचं औषध, ते थिजायच्या आधी टाकायचं असतं. थिजल्यावर बाटली ओतून हलवत बसणारे बघितलेत मी, घाई नुसती.

प्रवासाला निघायच्या आधी फिल्टरखाली साचलेलं पाणी काढा, त्याचा बर्फ होतो.

स्पेअर फिल्टर सीटखाली ठेवा, आणि तो खोलायचा पानाही. मी नेला नव्हता, त्या जाळवाल्याकडूनच मागून आणावा लागला.