माजी सैनिकाच्या नोंदीत राहून गेलेली पदके: रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्ती कशी मागावी

खानदेशात अमळनेर, पारोळा, साक्री, शिरपूर या भागांतील अनेक घरांत जुन्या पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेले एक डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळणारी सेवेची नोंदवही, सापडते. १९६५ किंवा १९७१ ची लढाई पाहिलेल्या माणसाने घरी येऊन शेती धरली, पुढे मुलांची लग्ने झाली, आणि आपल्याला कोणती मेडल मिळायला हवी होती याचा हिशेब करायला कोणालाच सवड झाली नाही. सैन्यात क्लार्क म्हणून नोंदी ठेवण्याचे काम मी केले आहे. निवृत्तीनंतर गावातील माजी सैनिकांचे आणि त्यांच्या पत्नींचे असे अर्ज लिहून देतो. त्या अनुभवातून एक गोष्ट आधीच सांगतो. रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे रेजिमेंटच्या सैनिकांच्या सेवेच्या नोंदी सांभाळणारे कार्यालय, आपली मागणी युनिट, ठिकाण आणि तारीख यांवर तपासते. लढाईची हकीकत कितीही खरी असली, तरी या तीन गोष्टी नसतील तर तो अर्ज तपासणाऱ्याच्या काहीच उपयोगाचा नसतो. माझ्या चुलत्यांसाठी आम्ही केलेल्या पहिल्या अर्जात बर्फ, गोळीबार, जखमी सोबती असे सगळे तीन पानांत लिहिले होते, पण त्या महिन्यांत ते कोणत्या युनिटमध्ये होते हे लिहायचेच राहिले. त्या चुकीमुळे दोन वर्षे वाया गेली.

म्हणून अर्जाआधी डिस्चार्ज बुक नीट वाचावे. त्यात आर्मी नंबर, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, हुद्दा, सेवेचा तपशील आणि मिळालेल्या पदकांची नोंद असते. पदकांच्या नोंदीची प्रत्येक ओळ वेगळ्या कागदावर उतरून घ्यावी आणि तिच्यासमोर ते पदक प्रत्यक्ष घरात आहे की नाही हे लिहावे. यातून तीन वेगळ्या परिस्थिती समोर येतात. पहिलीत नोंद आहे, पण मेडल हातात कधी आलेच नाही. पूर्वी पुष्कळ जवानांना छातीवर लावायची रिबन तेवढी मिळाली आणि धातूचे पदक मागे राहिले, त्यामुळे असे प्रकार फार आढळतात. दुसरीत सेवा केलेली आहे, पण नोंदच झालेली नाही. तिसरीत मेडल मिळाले होते आणि नंतर हरवले. तिन्ही मागण्या वेगळ्या आहेत आणि एकाच अर्जात त्यांची सरमिसळ करू नये. पहिली मागणी पदक पाठवण्याची, दुसरी नोंद दुरुस्त करण्याची आणि तिसरी दुसरी प्रत देण्याची. हरवलेल्या पदकासाठी पोलिसांकडील तक्रारीची प्रत जोडावी लागते.

आता कोणत्या पदकांवर हक्क असू शकतो ते पाहू. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वेकडील आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिमेकडील आघाडीला पश्चिमी स्टार आणि त्यांच्या जोडीला संग्राम मेडल अशी व्यवस्था होती. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल आहेत. सियाचीनसाठी सियाचीन ग्लेशियर मेडल, तर उंच डोंगरी भागातील सेवेसाठी उच्च तुंगता मेडल आहे. १९४७ चे जनरल सर्व्हिस मेडल आणि नंतरचे सैन्य सेवा मेडल यांच्यावर भागाचे नाव असलेली धातूची पट्टी, म्हणजे क्लास्प, असते. गोवा १९६१, लडाख १९६२ आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) १९६२ हे जनरल सर्व्हिस मेडलचे क्लास्प आहेत. मेडलची नोंद आहे आणि क्लास्प राहून गेला आहे, असे असेल तर तीही दुरुस्तीच आहे. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यांसाठी पराक्रम पदक होते, त्याला आता वुंड मेडल म्हणतात. त्याच्या मागणीला लष्करी रुग्णालयाचे कागद लागतात.

सर्वांत सहज निसटणारी पदके मात्र लढाईची नसतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल आणि १५ ऑगस्ट १९९७ रोजी सेवेत असलेल्यांना पन्नासाव्या वर्षाचे मेडल होते. शिवाय नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची दीर्घ सेवा पदके आहेत. यांना युद्धाचा पुरावा लागत नाही, फक्त भरतीची आणि निवृत्तीची तारीख पुरते. आपल्या यादीची सुरुवात यांच्यापासूनच करावी असे माझे मत आहे.

वीर चक्र, शौर्य चक्र, सेना मेडल यांसारख्या शौर्य पुरस्कारांची गोष्ट निराळी आहे. ते भारताच्या राजपत्रात जाहीर होतात. राजपत्रात नाव असूनही डिस्चार्ज बुकमध्ये नोंद नसेल, तर राजपत्राची प्रत जोडून दुरुस्ती मागता येते. नाव राजपत्रात नसेल, तर नोंद-दुरुस्तीच्या वाटेने शौर्य पुरस्कार मिळत नाही, कारण त्याची शिफारस त्या वेळच्या कमांडिंग ऑफिसरकडून वर जायला हवी होती. हे घरच्या माणसांना ऐकायला कठीण जाते, पण खोटी आशा दाखवणाऱ्या एजंटाला पैसे देण्यापेक्षा ते आधीच कळलेले बरे.

अर्ज कोठे करायचा हे ज्या रेजिमेंटमधून निवृत्ती झाली तिच्यावरून ठरते. मराठा लाईट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे पुण्यात खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला आणि ईएमईचे (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) सिकंदराबादला आहे. अर्ज थेट पाठवता येतो, पण त्याची एक प्रत आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतही पाठवावी. म्हणजे पुढील पत्रव्यवहाराला एक सरकारी साक्षीदार राहतो. पेन्शनसाठीच्या स्पर्श पोर्टलवर पदकांची दुरुस्ती होत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नये.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत, एका पानात लिहावा. वर आर्मी नंबर, हुद्दा, डिस्चार्ज बुकमध्ये आहे तसेच नाव, युनिट आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक द्यावा. मग प्रत्येक पदकासाठी एक वाक्य पुरे. उदाहरणार्थ, डिसेंबर १९७१ मध्ये मी १ मराठा लाईट इन्फन्ट्रीमध्ये होतो, माझे युनिट जमालपूरच्या लढाईत होते, परंतु माझ्या डिस्चार्ज बुकमध्ये पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल यांची नोंद नाही, तरी माझा शीट रोल आणि त्या काळातील पार्ट टू ऑर्डर तपासून नोंद करावी आणि पदके द्यावीत. या वाक्यातील पार्ट टू ऑर्डर हा शब्द फार महत्त्वाचा आहे. जवानाच्या सेवेतील प्रत्येक बदल, मग ते लग्न असो, अपत्य असो, बढती असो वा पदक असो, पार्ट टू ऑर्डरने प्रसिद्ध होऊन शीट रोलवर, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसकडील त्याच्या सेवेच्या नोंदपत्रकावर, चढतो. एखादे पदक नोंदीत नसते तेव्हा बहुधा ही ऑर्डर निघालेलीच नसते किंवा निघून शीट रोलवर चढायची राहिलेली असते. काय शोधायचे हे स्पष्ट लिहिले, की तपासणाऱ्याचे काम सोपे होते.

सोबत डिस्चार्ज बुकच्या सर्व पानांच्या साक्षांकित प्रती, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र आणि आधार यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ डिस्चार्ज बुक टपालाने कधीही पाठवू नये. रेकॉर्ड ऑफिसने नोंद करण्यासाठी ते लेखी मागितले, तरच सर्व पानांचे स्कॅन घरी ठेवून सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासह पाठवावे. अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने जावा आणि पावती अर्जाच्या प्रतीलाच टाचून ठेवावी.

नावाचा घोळ हा आपल्या भागातील मोठा अडसर आहे. भरतीच्या वेळी पुष्कळांनी स्वतःचे आणि वडिलांचे नाव तेवढे सांगितले, आडनाव लिहिलेच गेले नाही. नंतर कोणाच्या कागदांवर पाटील आले, कोणाच्या बोरसे किंवा देसले. शाळेच्या दाखल्यावर भिका, सैन्यात भिकाजी आणि आधारवर भिकन, अशी एकाच माणसाची तीन नावे मी पाहिली आहेत. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरले जाते, म्हणून ही तफावत आधीच मिटवावी. अर्जात सैन्यातील नावच वापरावे आणि सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. सैनिक हयात नसेल, तर पत्नीने आपल्या नावाने अर्ज करावा आणि मृत्यूचा दाखला व कुटुंब पेन्शनचा पीपीओ जोडावा. पत्नीही नसेल, तर मुलाने किंवा मुलीने वारस असल्याचा पुरावा द्यावा.

दोन-तीन महिन्यांत उत्तर आले नाही, तर स्मरणपत्र द्यावे. त्यानंतर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. त्यात दुरुस्ती मागू नये, कागद मागावेत: शीट रोलची प्रत, पदकांच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती आणि आपल्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदी. इथे आपल्याकडचे लोक दोन ठिकाणी अडकतात. राज्य सरकारच्या कार्यालयात चालणारा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प केंद्र सरकारच्या कार्यालयाला चालत नाही. पोस्टातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घ्यावी किंवा केंद्राच्या पोर्टलवरून अर्ज करावा. तसेच तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिले अपील सैन्यातील अपील अधिकाऱ्याकडे आणि दुसरे दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. नाशिकच्या राज्य खंडपीठाकडे पाठवलेले अपील परत येते. सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय राखीव पोलीस दल यांना हा कायदा अपवाद वगळता लागू नाही, म्हणून त्या दलांतील निवृत्तांनी आपल्या दलाच्या मुख्यालयाकडेच अर्ज करत राहावे.

कधी कधी कागद नियमानुसार नष्ट केले, असे उत्तर येते. पेन्शन नसलेल्या सैनिकाचे सेवा कागद पंचवीस वर्षांनंतर नष्ट केले जातात, त्यामुळे हे उत्तर खरे असू शकते. तरीही लाँग रोल कायम ठेवला जातो आणि त्यात नंबर, नाव, भरती व निवृत्तीच्या तारखा असतात. त्याचा उतारा मागावा आणि आपल्याकडील डिस्चार्ज बुक, जुनी पत्रे व रिबन लावलेला गणवेशातील फोटो जोडून पुन्हा अर्ज करावा. अशा वेळी घरातील डिस्चार्ज बुक हाच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

लेखी नकार आला आणि तो चुकीचा वाटला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे सहा महिन्यांच्या आत जाता येते. निवेदनाला सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत जाता येते. त्यासाठी स्पीड पोस्टाच्या त्या सर्व पावत्या लागतात.

मेडल घरी आले, की पाकीट उघडताना कडेवरील नंबर आणि नाव भिंगाने वाचून डिस्चार्ज बुकशी ताडून पाहावे. चूक असेल, तर त्याच आठवड्यात परत कळवावे. सोबत पार्ट टू ऑर्डरची प्रत आली नसेल, तर ती वेगळे पत्र लिहून मागून घ्यावी आणि डिस्चार्ज बुकमध्येच ठेवावी.