वळीव यायच्या आत शेडनेटची स्प्रिंग तपासा

मार्च संपत आला. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, जालना या पट्ट्यात बीजोत्पादनाच्या शेडनेट, म्हणजे पाइपांच्या सांगाड्यावर जाळी ताणलेल्या शेड, जिकडे तिकडे उभ्या आहेत. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पहिल्या दोन-तीन तडाख्यांत त्यातल्या काहींची नेट लिंबाच्या झाडात नाहीतर शेजाऱ्याच्या बांधावर सापडते. अशा उघड्या पडलेल्या शेड मी बऱ्याच फिरून पाहिल्यात. शेतकरी म्हणतो, "वारंच तसं होतं, भाऊ." वारा होताच. पण पाइपांभोवती चक्कर मारली की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट समोर येते. ज्या कोपऱ्यातून नेट उकलायला लागली, तिथली झिगझॅग स्प्रिंग, म्हणजे पाइपावरच्या खोबणीच्या पट्टीत नेट अडकवून धरणारी नागमोडी तार, महिना-दोन महिने आधीच वीतभर बाहेर आलेली असते. विचारलं की मान खाली जाते. "हो, दिसली होती. बसवू म्हणत राहिलो."

ती वीत काय करते बघा. पट्टीतून सुटलेली नेट फडफडते. प्रत्येक फडफडीला शेजारची एक-एक वळी सैल होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे रोजच्या 20 किलोमीटरच्या वाऱ्यात टिकलेली सैल कड 60 च्या झोतात नऊपट दाब खाते. वारा आत शिरला की छत खालून वर उचललं जातं आणि मग पट्टीच्या पट्टी शिवण उसवावी तशी उकलत जाते. नेट नवी आहे, जाड आहे, महाग आहे, याने काही फरक पडत नाही. नेट फाटून जाण्यापेक्षा सुटून गेलेलीच मी जास्त पाहिली आहे.

बीजोत्पादनवाल्यांना तर वादळाचीही गरज नाही. वीतभर फटीतून मधमाशी आत आली, बाहेरचे परागकण फुलांवर बसले, आणि मजूर लावून केलेलं क्रॉसिंग पाण्यात. लॉट जीओटीत (बियाणं लावून शुद्धता तपासतात त्या चाचणीत) फेल झाला की मग बसा कंपनीच्या दारात.

तेव्हा या आठवड्यातली एक सकाळ फक्त यासाठी काढा. 40 बाय 25 मीटरची, म्हणजे दहा गुंठ्यांची शेड असेल तर नुसत्या कडेची पट्टी 130 मीटर भरते. दोन माणसं, एक घोडा (उभी राहणारी शिडी), एक स्क्रू मशीन. नजरेने बघू नका, बोट फिरवा. स्प्रिंगची प्रत्येक वळी पट्टीच्या ओठाखाली बसलेली हाताला कळते. नुसती वर टेकलेली असेल तर बोटाने हलते.

नेट सैल असेल तर स्प्रिंग काढून पुन्हा ताणा. वेळ सकाळी आठ ते दहाची, वारा पडलेला असताना. भर दुपारी अजिबात नको. एचडीपीई प्लास्टिकची नेट उन्हात पसरते, गारव्यात आकसते. 10 मीटर लांबीत 20 अंशांच्या फरकाने दोन-तीन सेंटीमीटर इकडे तिकडे होतात. दुपारी कचकचून ताणलेली नेट पहाटे स्क्रूवर ओढ घेते. थंडीत बसवलेली आता उन्हाळ्यात झोळ पडून लोंबते, म्हणूनच डिसेंबरात बांधलेल्या शेड मला एप्रिलमध्ये जास्त काळजीच्या वाटतात. ताण किती हवा? चांगल्या विणलेल्या बाजेइतका. खालून बांबूने दाबलं तर दबावी आणि लगेच परत यावी. हे माप कुठल्या पुस्तकातलं नाही, माझ्या हाताचं आहे.

आधी ज्या बाजूने वारा जास्त लागतो ती कड बसवा, मग समोरच्या बाजूने ओढा. मधून सुरू करून कोपऱ्यांकडे जा, म्हणजे सुरकुत्या बाहेर निघतात. पक्कड घेऊन जाळीच्या एका डोळ्याला ओढू नका, तिथेच धागा तुटतो. नेटची कड बांबूला गुंडाळा आणि दोघांनी मिळून ताणा. पट्टीत नेट दुहेरी दुमडून घाला, आणि वीतभर जास्तीची सोडा. पुढच्या वर्षी पुन्हा ताणायला तीच कामी येते. स्प्रिंग हातोडीने ठोकायची नसते. एक टोक अडकवून वर-खाली डोलवत नेली की आपोआप बसत जाते. दोन स्प्रिंगांची टोकं चार बोटं एकमेकांवर घ्या आणि शेवटचं टोक आत वळवा, नाहीतर तेच नेट कुरतडतं. वाऱ्याच्या बाजूला आणि कोपऱ्यांत एका पट्टीत दोन स्प्रिंग घाला.

पट्टीचे स्क्रू साधारण दीड फुटावर असतात. कोपऱ्यापासून दोन मीटरपर्यंत मी फुटावर मारायला सांगतो. बांधणीच्या तारेने नेट पाइपाला आवळली असेल तर ती तार आजच काढा. ब्लेडसारखं काम करते ती.

बाजूची नेट खाली जमिनीवर नुसती दगड ठेवून सोडलेली असते, तेही चालणार नाही. फूटभर चर काढून पुरा, माती दाबा.

आता दुकानाचं. या दिवसांत "वादळरोधक" क्लिपा, जास्त जीएसएमची (चौरस मीटरला जास्त ग्रॅम वजनाची) नेट, नेटवर मारायचं कसलंसं कोटिंग असं बरंच गळ्यात मारलं जातं. एका विक्रेत्याने आमच्या ओळखीच्या शेतकऱ्याला अख्खी नेट बदलायला लावली, पट्ट्या मात्र जुन्याच, वाकलेल्या. मे महिन्यात नवी नेट गेली. नेट खरंच जुनी झाली असेल तर घ्या, पण वजन करून घ्या. 3 बाय 50 मीटरचा रोल म्हणजे 150 चौरस मीटर. 100 जीएसएम सांगितलं असेल तर काट्यावर 15 किलो भरलाच पाहिजे. रोलवर आयएस 16008 ची खूण बघा. स्प्रिंग पीव्हीसी वेष्टनाचीच घ्या आणि नखाने खरवडून पाहा. पापुद्रा सुटला तर परत करा. सगळी जुनी स्प्रिंग फेकायचीही गरज नाही, गंजलेली आणि सरळ झालेली तेवढीच बदला.

या पंधरवड्यातली बाकीची कामं:
- ड्रिपचे फिल्टर धुणे, लॅटरलची (ओळीतल्या नळ्यांची) टोकं सोडून पाणी काढणे
- बाजूच्या 40 मेश (इंचाला 40 डोळे) जाळीला पडलेली भोकं शिवणे
- पिवळे-निळे चिकट सापळे बदलणे
- शेडभोवतीचं तण काढणे
- पांढरी माशी दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क
- दुहेरी दाराच्या कड्या दुरुस्त करणे

हवामान विभागाचा इशारा आला की दारं, पडदे बंद. मोबाइलवर 'दामिनी' ॲप ठेवा, विजेची सूचना मिळते. माझा एक ठोकताळाही आहे. दुपारी तीनच्या सुमारास वारा एकदम पडला, अंगाला चिकट उकाडा आला आणि पाखरं गप्प झाली, तर मी इशाऱ्याची वाट बघत नाही. पण ढग गडगडायला लागल्यावर स्प्रिंग बसवायला घोड्यावर चढू नका. लोखंडाच्या सांगाड्यापासून लांब जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत फिरू नका.

गारा छतावर साचल्या असतील तर खालून बांबूला कापड गुंडाळून हळू ढकला. झाडांना जखमा झाल्या असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराइड 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात घेऊन फवारा. बीजोत्पादन प्लॉट असेल तर कंपनीच्या सुपरवायझरला आधी विचारा. सुटलेली कड त्याच संध्याकाळी बसवा. दुसरा वळीव दोन दिवसांतही येऊ शकतो.

त्यासाठी दारामागे एक डबा टांगून ठेवा: स्प्रिंगचे पाच-सहा तुकडे, मूठभर सेल्फ स्क्रू, त्यांचा पाना, सुई आणि नायलॉनचा जाड दोरा. डब्याला झाकण हवं, नाहीतर पहिल्याच पावसात स्क्रू गंजतात.