डिस्क ड्रायव्हर मधेच लटकतो? या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात जुन्या पीसीवर आपण स्वतः लिहिलेलं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लटकलं की पोरं सगळ्यात पयले म्हणतात, मशीन तापली बे. तापली असेलही, पण कर्नलमधला डिस्क चालवणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरमधला नकली पीसी) मस्त पळतो अन् खऱ्या आयडीई (जुन्या जोडणीच्या) डिस्कवर अडकतो, तर दहातून नऊ वेळा गडबड कोडमध्येच असते भाऊ.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे प्रिंट टाकला की बग गायब, मग प्रिंट तसाच ठेवून मोकळं व्हायचं. अरे, त्या प्रिंटनं फक्त वेळ खाल्ला! ड्राइव्ह सिलेक्ट केल्यावर स्टेटस खरा व्हायला ४०० नॅनोसेकंद द्यावे लागतात, क्यूएमू लगेच उत्तर देतो म्हणून तिथं हे कळतच नाही. थांबायचं असेल तर हेक्समधल्या ३एफ६ पोर्टवरचा ऑल्टरनेट स्टेटस पंधराएक वेळा वाचा, पण १एफ७ हा नेहमीचा स्टेटस पोर्ट वाचू नका, कारण तो वाचला की पेंडिंग इंटरप्ट (काम झालं म्हणून डिस्कनं प्रोसेसरला दिलेली हाक) क्लिअर होतो. उलट इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या हँडलरमध्ये मात्र १एफ७ वाचायलाच पाहिजे, नाहीतर पहिला सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा तुकडा) येतो अन् पुढचा इंटरप्ट येतच नाही, आपण बसतो वाट पाहत.

आता खरी डोकेदुखी. डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रोसेसनं काम झालं का सांगणारा फ्लॅग पाहिला, काम झालं नव्हतं, ती झोपायला निघाली अन् नेमकं तेवढ्यात इंटरप्ट आला, वेकअप कोणालाच लागला नाही, मग ती झोपली ती झोपलीच. हे हजारातून एखाद्या वेळी होतं म्हणून लोक टाइमआउट लावून झाकतात. ते नका करू. फ्लॅग पाहण्यापासून झोपेपर्यंत लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) हातात पाहिजे अन् झोप लागतानाच तो सुटला पाहिजे, एक्सव्ही६ मध्ये (एमआयटीची शिकवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) स्लीप फंक्शनला लॉक त्यासाठीच पास करतात. आणि तोच लॉक हँडलर घेत असेल तर घेताना त्या कोरवरचे इंटरप्ट बंद करा, नाहीतर सरळ डेडलॉक, म्हणजे कोणीच पुढं सरकत नाही.

डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डेटा थेट मेमरीत) असेल तर डिस्क कंट्रोलरला फिजिकल ॲड्रेस द्या, व्हर्च्युअल दिला तर डेटा भलतीकडेच जाऊन पडतो.

राइट झाल्यावर ई७ ही फ्लश कमांड पण विसरू नका, डेटा डिस्कच्या कॅशमध्येच असतो अन् वादळात लाइट गेली की गेला. टेस्टला भंगारातली डिस्क घ्या, घरच्या फोटोंची नको.