गेम मास्टरनं कथानक लिहू नये, पाणी चढवावं

टेबलाभोवती बसून, बोलून आणि फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये गोष्ट फसते ती बहुतेक वेळा गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, वहीतच. दहा पानं लिहून आणलेली असतात, खेळाडू तिसऱ्याच मिनिटाला भलत्या गल्लीत शिरतात, आणि त्यांना ओढून परत रस्त्यावर आणण्यात संध्याकाळ जाते. म्हणून कथानक लिहूच नका. परिस्थिती लिहा: एक जागा, अडचणीत सापडलेली तीन-चार माणसं, आणि कुणी काहीच केलं नाही तर बिघडत जाणारं एक काहीतरी. एवढं पोस्टकार्डावर मावतं. मावत नसेल तर जास्त झालं, खोडा.

कोल्हापूरकरांना हे बिघडत जाणारं शोधायला लांब जावं लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात इथं घरोघरी तोंडपाठ असते: 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. कागदावर ओळीनं 8 चौकोन काढा आणि त्यांत 36 ते 43 आकडे लिहा. चौथा चौकोन 39 चा येतो. त्याच्यापुढं जाड रेघ मारा. खेळ 35 फुटांवर सुरू होतो. रेघेपाशी काय बदलतं (नदीकाठची माणसं जनावरं हलवायला लागतात) आणि शेवटच्या चौकोनाला काय होतं (गावातून बाहेर पडायचा रस्ता जातो) हे आधीच ठरवा आणि खेळाडूंना सांगूनही टाका. कागद टेबलाच्या मधोमध ठेवा. हे चौकोन म्हणजे खेळाचं घड्याळ, आणि लपवलेल्या घड्याळाची भीती फक्त गेम मास्टरलाच वाटते.

पण पुराचा विषय घेण्याआधी विचारा. 2019 चं आणि 2021 चं पाणी ज्याच्या घरात शिरलं होतं तो टेबलावर असू शकतो. त्याला हा खेळ नको असेल तर विषय बदला, कारण विचारू नका. विषय कुठलाही असो, फुली मारलेलं एक कार्ड हाताशी असू द्या. कुणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथंच सोडायचा आणि पुढं जायचं. स्पष्टीकरण मागायचं नाही.

माणसं तीन किंवा चार, शिवाय तुम्ही. पाचव्या खेळाडूनंतर प्रत्येकाची पाळी इतकी उशिरा येते की मोबाइल बाहेर निघतात. तीन तास धरा. त्यातला पाऊण तास पात्रं तयार करण्यात जातो. प्रत्येक पात्राला चार गुण: ताकद, धीर, डोकं, जीभ. त्यांना +2, +1, 0 आणि −1 हे आकडे हवे तसे वाटून द्या. मग प्रत्येकाला शेजाऱ्याबद्दल एक प्रश्न विचारा: ‘तुझ्या घराची किल्ली हिच्याकडं का आहे?’ ‘याचे पैसे तू अजून का दिले नाहीस?’ या उत्तरांतून पुढच्या दोन तासांची निम्मी गोष्ट निघते, आणि ती त्यांची असते.

लुडोच्या डब्यातले दोन फासे पुरतात. बेरजेत गुणाचा आकडा मिळवायचा. 10 किंवा जास्त आलं तर काम फत्ते. 7 ते 9 आलं तर काम होतं, पण किंमत मोजून. 6 किंवा कमी आलं की डाव तुमच्या हातात. गुण 0 असेल तर 36 शक्यतांपैकी 6 पूर्ण यशाच्या, 15 मधल्या आणि 15 वाईट. +2 असेल तर पारडं उलटं होतं: 15, 15 आणि 6. या दोन्हींत मधल्या 15 बदलत नाहीत हे ध्यानात घ्या. खेळ तिथंच राहतो, आणि नवा गेम मास्टर अडखळतो तोही तिथंच, कारण किंमत काय लावायची हे ऐनवेळी सुचत नाही.

समजा नदीकाठच्या चिखली गावातलं पात्र घेतलेला खेळाडू म्हणतो, ‘नाव नाही ना, मग गुऱ्हाळाची रस आटवायची मोठी काहील पाण्यात ढकलतो आणि आजीला तिच्यात बसवून पलीकडं नेतो.’ बेरीज 8. ‘जमलं, पण थोडं भिजलास’ ही किंमत नव्हे. दोन वाटा द्या: ‘आजी पोचते, पण ओढीनं काहील भलत्याच उसात जाऊन अडकते, किंवा सरळ पोचता, पण मागं दावं सुटून एक म्हैस वाहून जाते. कुठलं?’ दोन्हींत त्यानं मागितलेलं मिळतंच. दिलेलं यश किंमतीच्या नावाखाली काढून घेतलं की खेळाडू दुसऱ्यांदा धाडस करत नाही.

6 किंवा कमी आलं तर ‘काही झालं नाही’ असं कधीच म्हणू नका. पण थेट घावही घालू नका. आधी चाहूल द्या. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आधी येते, भोगावतीतून पाणी पंचगंगेला पोचायला वेळ लागतो. तसंच करा: पहिल्या वेळी बातमी, तिच्याकडं दुर्लक्ष झालं की पाणी. चौकोन भरताना नुसता आकडा सांगू नका. ‘गोठ्याची दुसरी पायरी बुडाली’ म्हणा, मगच पेन टेकवा. एका वेळी एकच चौकोन. साधारण पाव तासाला एक पडला तर वेग बरोबर आहे. पहिल्या तासातच 40 च्या पुढं गेलात तर फासे फार टाकले जातायत. जिथं दोन्ही निकाल रंजक नाहीत तिथं फासा नकोच. दार उघडू द्या.

‘आता काय करता?’ हे सगळ्यांना मिळून विचारलं की सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस उत्तर देतो. नाव घेऊन विचारा, तेही पात्राचं. गप्प बसणाऱ्याला मोकळा प्रश्न जड जातो. त्याला अर्धं उत्तर हातात द्या: ‘आजी घर सोडायला तयार नाही. तू तिला लहानपणापासून ओळखतोस. ती कशासाठी अडून बसलीय?’ तो जे म्हणेल ते खरं धरा आणि पोस्टकार्डावर लिहा, तुम्ही दुसरं ठरवलं असलं तरी.

शेवटची 20 मिनिटं राहिली की नवी माणसं आणू नका. 43 चा चौकोन रिकामा असला तरी चालेल. प्रत्येक पात्र त्या रात्री कुठं झोपतं हे एकेकाला विचारा, उत्तरं पोस्टकार्डाच्या मागं लिहा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा.